माळ सोडू नकोस, लॅब सोड

पीएचडीनंतर पुढे काय करू, असं विचारणारं एक पत्र आलंय. ते असं आहे:

"मॅडम, मी सासवडची. वय ३२. याच वर्षी पीएचडीची तोंडी परीक्षा (व्हायवा) झाली. पीएचडीत पुरंदर आणि बारामती तालुक्यांतल्या माळांवर काम केलं. मेंढ्या चरतात ते तुकडे आणि कुंपण घालून चराई बंद केलेले तुकडे, दोन्हींतली गवतं पाच पावसाळे मोजली. बंद तुकड्यांत आधी गवत माजलं, मग हळूहळू प्रजाती कमी झाल्या. दोन पेपर छापून आलेत, तिसरा गाइडच्या टेबलावर आहे. आता गाइड म्हणतात, नव्या प्रोजेक्टवर इथेच आरए (रिसर्च असोसिएट) म्हणून थांब. मैत्रिणी म्हणतात, परदेशी पोस्टडॉकशिवाय, म्हणजे पीएचडीनंतर तिकडे संशोधन केल्याशिवाय, किंमत नाही. सासरे म्हणतात, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालीच आहेस, कॉलेजात तासिकेवर लाग, पुढेमागे पर्मनंट होशील. नवरा चाकणला कंपनीत, मुलगी तीन वर्षांची. आणि गवतावरच्या जाहिराती तर दिसतच नाहीत. सगळीकडे वाघ, जंगल, नाहीतर पश्चिम घाट. विषय बदलू का? आणि गाइडना न दुखावता हे सगळं सांगू कसं?
— माळावरची"

विषय बदलू नकोस. तुझ्या बाकीच्या प्रश्नांना दोन-दोन उत्तरं निघतात, याला एकच आहे.

जाहिराती दिसत नाहीत, कारण 'गवताळ प्रदेश' अशी पाटी लावून पोस्टडॉकची जागा फार क्वचित निघते. ती निघते मातीतल्या कार्बनच्या नावाने. उपग्रहाच्या प्रतिमांच्या नावाने, पशुपालनाच्या, वणव्याच्या, पसरणाऱ्या परक्या झाडांच्या, लांडग्या-तरसांच्या नावाने. तुझे माळ या सगळ्यांत बसतात. तेव्हा शोधताना विषयाचं नाव टाकू नकोस, प्रश्नाचं टाक: पावसाची अनिश्चितता, चराई, मुळांखालचा कार्बन, परकी वेडी बाभूळ. मग बघ किती दारं दिसतात.

शिवाय वेळही बरी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचं म्हणून जाहीर केलं, त्यामुळे निधी देणाऱ्यांच्या तोंडी हा विषय आला आहे. आपल्याकडे त्याआधीच वारं फिरायला लागलं होतं. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी देशातल्या निमशुष्क मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे माळ आणि झुडपी रानांसारख्या जागांचा, नकाशा केला, तेव्हा देशाच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा असा निघाला, आणि त्यातला अगदी थोडा तुकडा अभयारण्यांत. बाकीचा बराचसा सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदलेला. पडीक म्हटलं की झाडं लावायला मोकळी. आपल्या राज्यात २०१६ ला २ कोटींपासून सुरू झालेली वृक्षलागवड २०१९ ला ३३ कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली, आणि त्यातले कितीतरी खड्डे माळांवर खणले गेले हे तुला मी सांगायला नको. तुझ्या क्वाड्रॅटच्या, म्हणजे गवत मोजायच्या चौकोनांच्या, शेजारीच खणले असतील.

आता यात तुझी जागा कुठे, ते बघ. परिसंस्थाशास्त्रज्ञ महेश शंकरन आणि सहकाऱ्यांचा आफ्रिकेतल्या सव्हानांवरचा, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानांवरचा, २००५ चा 'नेचर'मधला पेपर तू वाचलाच असशील. वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडं जास्तीत जास्त किती दाटतील हे पाऊसच ठरवतो; त्याहून जास्त पाऊस असेल तर झाडं दाटू पाहतात, आणि माळ उघडा राहतो तो आगीमुळे नि चरणाऱ्या जनावरांमुळे. तुझ्या साइट्सवर पाऊस पडतो ५०० च्या आसपास. म्हणजे बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर जंगल 'उगवत नाही' याचं कारण मेंढ्या नाहीत, निदान एकट्या मेंढ्या नाहीत. हे आपल्या जमिनीवर, आपल्या गवतांवर, आपल्या मेंढपाळांच्या वेळापत्रकावर मोजून दाखवणारी माणसं या राज्यात मोजकीच. तू त्यातली एक आहेस. आणि तू विचारतेस विषय बदलू का.

आता तुझ्यापुढच्या तीन वाटा.

सासऱ्यांची वाट आधी निकालात काढते. त्यांचा हेतू चांगला आहे, घरात पगार यावा एवढंच त्यांना हवंय. पण तासिका तत्त्वावर तासांचे पैसे मिळतात, संशोधनाचे नाहीत, आणि ते 'पुढेमागे' कधी उगवतं याची वाट बघत पंचेचाळिशी गाठलेली माणसं पुण्याच्या प्रत्येक कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलेली आहेत. त्यांना एक गोष्ट सांग, कदाचित पटेल. सेटचं प्रमाणपत्र शिळं होत नाही. फेलोशिपची वयोमर्यादा मात्र सरत जाते. जी गोष्ट थांबू शकते ती थांबव, जी थांबत नाही तिच्यामागे आत्ता जा.

गाइडची वाट. तिच्यात मोह आहे, कारण सगळं ओळखीचं आहे. सहा महिने थांबायला माझी हरकत नाही. तिसरा पेपर टेबलावरून हलवायचा असेल तर टेबलाजवळ असावंच लागतं. पण त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, त्याच माणसाच्या हाताखाली दोन वर्षं काढलीस तर तुझ्या बायोडेटात पीएचडी पाचाऐवजी सात वर्षांची दिसेल, बाकी काही नाही. पोस्टडॉक घ्यायचा तो एका कारणासाठी: तुला जे येत नाही ते शिकायला. निवड समिती दुसरं काही बघत नाही. हा माणूस गाइडशिवाय उभा राहतो का, आणि त्याच्या हातात आता कुठलं नवं हत्यार आहे, एवढंच विचारते.

तर तुला काय येत नाही? पत्रावरून मला जे दिसतं ते लिहिते, चुकत असेन तर सोडून दे. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळ ही गवतं तू फुलोरा नसतानाही ओळखत असशील. ते दुर्मीळ कौशल्य आहे, त्याची किंमत कमी समजू नकोस. परदेशातल्या चांगल्या लॅब्सनाही भारतातलं गवत ओळखणारा माणूस मिळत नाही. पण तुझी पाच वर्षांची मोजणी एका ठिकाणी अडते. बंद तुकड्यांत प्रजाती कमी झाल्या त्या चराई थांबल्यामुळे, की त्या पाचातले दोन पावसाळे वेगळे पडले म्हणून? पाऊस दरवर्षी एवढा हेलकावत असताना पाच वर्षांत हे वेगळं काढणं अवघड. आणि जमिनीखाली काय झालं याचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही. गवताची निम्म्याहून जास्त गोष्ट मुळांत घडते.

म्हणजे तुला दोन गोष्टी हव्यात. एक, दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगाच्या आकड्यांशी खेळण्याची सवय, त्याला लागणारी संख्याशास्त्रीय तयारी. दोन, माती. पोस्टडॉक शोधायचा तो या दोनपैकी निदान एक जिथे मिळेल तिथे, मग ते बंगळुरू असो की बोस्टन.

बंगळुरूचं नाव उगाच घेतलं नाही. तिथे एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रात शंकरन यांचा गट सव्हाना आणि चराऊ रानांवर काम करतो. तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने हिमाचलातल्या स्पितीत सोळा वर्षं कुंपणं राखून बघितलं की पाळीव जनावरं चरतात त्या मातीत कार्बन कमी का साठतो आणि रानटी जनावरं चरतात तिथे जास्त का. उत्तराचा एक धागा जनावरांना दिल्या जाणाऱ्या टेट्रासायक्लीनसारख्या प्रतिजैविकांपर्यंत आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांपर्यंत गेला. हा प्रश्न तू उचलून पुरंदरला आणून ठेव. आपले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढ्यांचा वाडा घेऊन घाट उतरतात, पावसाच्या तोंडाला परत येतात. म्हणजे वर्षभराची चराई इथे नाही, ठरावीक महिन्यांची आहे. मेंढ्यांना औषधं मात्र इथेही टोचली जातात. तुझ्या मातीत काय निघेल? मला खरंच माहिती करून घ्यायला आवडेल, आणि मला वाटतं एखाद्या मेंटॉरलाही आवडेल. अशा एका ओळीच्या प्रश्नावर पोस्टडॉक मिळतात.

कच्छच्या बन्नी या गवताळ पट्ट्यात एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था, सहजीवन ही स्वयंसेवी संस्था आणि इतर संस्थांनी मिळून संशोधन केंद्र उभं केलंय. वेडी बाभूळ, म्हशी आणि त्या पाळणारे मालधारी या तिन्हींवर तिथे एकत्र काम होतं. झाशीचं भारतीय गवताळ व चारा संशोधन संस्थान १९६२ पासूनचं. पर्यावरणवाले तिकडे फिरकत नाहीत, कारण तिथे चाऱ्याचं काम चालतं आणि आपल्याला चारा म्हणजे शेतकीवाल्यांचा विषय वाटतो. हा सोवळेपणा मला कधी कळला नाही. माळावरचं गवत वाचवायचं तर ते कोण खातं, किती खातं आणि त्याचे पैसे कोणाला मिळतात हे कळायलाच हवं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात चारा पिकांवर आणि उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेत पशुपालनावर जे साठलेलं ज्ञान आहे, ते तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहे.

आणि पुण्यातच राहायचं झालं तर? मुलगी तीन वर्षांची आहे, हा प्रश्न तू पत्रात विचारला नाहीस पण तो प्रत्येक ओळीत होता. पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, कोरेगाव पार्कला बॉटनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. या तिघांतलं तिसरं लोक विसरतात. तिथल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, दशकानुदशकांचे नमुने आहेत, चिठ्ठीवर गाव आणि तारीख असलेले. कुठल्या माळावर कुठलं गवत पूर्वी होतं आणि आता नाही, हे त्या कपाटांतून काढून उपग्रहाच्या प्रतिमांशी जोडणं हा दोन वर्षांचा भरभक्कम पोस्टडॉक होऊ शकतो. त्याला फील्डचा खर्चही कमी. माळांचा इतिहास काढायला इतरही वाटा सापडताहेत. पुण्याच्या आयसरमधल्या एका संशोधकाचा सहभाग असलेल्या, २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने जुन्या मराठी ओव्या, कथा आणि चरित्रांतले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून दाखवलं की इथली सव्हाना जंगल तोडून झालेली नाही, निदान साडेसातशे वर्षं ती अशीच आहे. मला तो वाचून हेवा वाटला, कारण त्याला लागणारी भाषा आपल्याला आईच्या दुधातून मिळालेली असते आणि आपण ती विज्ञानात कधी वापरतच नाही.

परदेशाबद्दल. मैत्रिणींचं 'परदेशाशिवाय किंमत नाही' हे वाक्य अर्धं खरं आहे. देशाच्या नावाला किंमत नाही, तिथल्या प्रयोगाला आहे. अमेरिकेत कॅन्ससच्या कोंझा प्रेअरीत एकेक पाणलोट ठरवून दरवर्षी, काही दर दुसऱ्या, काही चौथ्या, काही विसाव्या वर्षी जाळतात, आणि १९८७ पासून त्यात बायसन सोडलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमध्ये आगीचे प्रायोगिक तुकडे १९५४ पासून चालू आहेत. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडला एकाच कुरणावर १८५६ पासून मोजणी चालू आहे. १८५६! आपल्याकडे तेव्हा पुण्याला रेल्वेसुद्धा आली नव्हती. अशा ठिकाणी दोन वर्षं काढणं म्हणजे पाच पावसाळ्यांच्या पलीकडे बघायला शिकणं, आणि तेच तुला हवंय. न्यूट्रिएंट नेटवर्क या जगभरच्या गवताळ प्रयोगांच्या जाळ्याची तऱ्हा आणखी सोयीची: शंभराहून जास्त ठिकाणी एकाच पद्धतीने तेच खत, तेच कुंपण, तीच मोजणी. तिथल्या माणसांशी आधी पत्रव्यवहार कर, तुझ्या तुकड्यांची मांडणी त्यांच्याशी किती जुळते ते विचार. जुळत असेल तर तू रिकाम्या हाताने जात नाहीस, आकडे घेऊन जातेस.

फेलोशिप्सचं थोडक्यात, कारण नियम दर जाहिरातीत हलतात आणि ताजी जाहिरातच खरी. युरोपच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपला यजमान देशात गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. तुला ती अडचण नाही, आणि त्यांचा कुटुंबभत्ताही असतो. अर्ज बहुधा सप्टेंबरमध्ये, पण यजमान प्राध्यापक मार्च-एप्रिलपर्यंत ठरलेला असला तर बरं. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला पीएचडीपासून चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, मुदत सहा ते चोवीस महिने. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपने अमेरिकेला गेलीस तर नंतर दोन वर्षं भारतात परतण्याची अट व्हिसातच येते, जी तुझ्या बाबतीत अट कसली, सोयच आहे. मात्र २०२५ पासून अमेरिकेत विज्ञानाच्या निधीला बरीच कात्री लागली आहे. तेव्हा प्राध्यापकाच्या ग्रँटवर अवलंबून असलेली जागा असेल तर पैसा खात्यात आलेला आहे की नुसता मंजूर आहे, हे स्पष्ट विचार. विचारायला लाजू नकोस. तिकडे ते उद्धट समजत नाहीत.

देशातल्या देशात एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप, जिला सगळे अजून आधीच्या संस्थेच्या नावाने एसईआरबीची एनपीडीएफ म्हणतात. दोन वर्षांची, संशोधनाला वेगळा निधी, वयोमर्यादा आजवर ३५ आणि महिलांना त्यात पाच वर्षांची सूट. म्हणजे तुला घाईने चुकीच्या ठिकाणी उडी मारायची गरज नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या (डीएसटी) महिला शास्त्रज्ञांसाठीच्या योजनांतली वाइज-पीडीएफ तुझ्यासारखीसाठीच आहे. प्रोजेक्टवर आरए झालीस तर २०२३ पासूनच्या दरांनी पायरीनुसार ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. कागदावर बरं दिसतं. प्रत्यक्षात पैसे चार-चार महिने अडकतात, हे फेलोशिपवर जगलेल्या कोणालाही विचार. तेव्हा सुरुवातीलाच सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मगच हो म्हण. आणि पुढे इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप आहे, पाच वर्षं, महिना सव्वा लाख आणि वर्षाला सात लाखांचा संशोधन निधी. तिची वयाची अट कडक असते, म्हणून ती तारीख आजच वहीत लिहून ठेव आणि बाकीचं नियोजन तिच्यापासून मागे मोजत ये.

आता मेंटॉरला पत्र. माझ्याकडे मुलं मसुदे दाखवायला आणतात आणि दहातले आठ 'युअर एस्टीम्ड लॅब'ने सुरू होतात. तो शब्द वाचला की समोरचा माणूस पुढे वाचत नाही, त्याला कळतं की हेच पत्र चाळीस जणांना गेलंय. तू पहिल्या ओळीत तुझा निष्कर्ष लिही: निमशुष्क माळावर पाच वर्षं चराई बंद केली, गवत वाढलं, प्रजाती घटल्या. दुसऱ्या परिच्छेदात ते कुठे अडलं ते लिही, न लपवता. पाऊस आणि चराई वेगळे काढता येत नाहीत, जमिनीखालचं काही माहीत नाही. तिसऱ्यात, त्यांच्या कुठल्या कामाने तो अडथळा सुटेल असं तुला वाटतं. पेपरचं नाव नुसतं टाकू नकोस, त्यातली नेमकी आकृती सांग. शेवटी, तू कुठल्या फेलोशिपला अर्ज करणार आहेस आणि त्यासाठी त्यांची संमती कधीपर्यंत हवी. एवढंच. पानभराच्या आत. बायोडेटा जोड, गुणपत्रिका नको. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, मग सोड. एका वेळी चार-पाच जणांनाच लिही, पण प्रत्येकाला वेगळं लिही.

त्याआधी एक काम माळावरचं. तुझे तुकडे कोणाच्या जमिनीवर आहेत? गायरानावर असतील तर काळजी कर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानांवर सौर प्रकल्प उभे राहताहेत, आणि पुरंदरच्या नियोजित विमानतळाचा पट्टा तुझ्या तालुक्यातूनच जातो. पाच वर्षांचं कुंपण एका सकाळी पॅनेलखाली गेलं तर कोणाकडे दाद मागणार? जागा वनखात्याच्या कुरणात असेल तर आत्ताच लेखी परवानगी वाढवून घे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आत असेल तर परवानगी नागपूरहून, वन्यजीव विभागाकडून लागते आणि तिला महिने जातात. गवताचं बी किंवा मातीचे नमुने परदेशी लॅबला पाठवायचे असतील तर २००२ चा जैवविविधता कायदा बघावा लागेल, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी तुझ्या पोस्टडॉकच्या पहिल्या सहा महिन्यांत मिळवायची तर अर्ज निघण्यापूर्वी करायला हवा. हे कागद कंटाळवाणे आहेत, पण उत्तम प्रस्ताव यांच्यावरच आपटतात.

आणि तू गेल्यावर इथली दरवर्षीची मोजणी चालू कशी राहील, हे ठरवूनच जा. गावातला एखादा पोरगा किंवा पोरगी तयार कर. तुझ्याबरोबर फील्डवर आलेलं कोणी असेलच. पावसाळ्यानंतर आठ दिवसांची मोजणी, तिला होणारा खर्च फार नाही. निसर्गसंवर्धनाला पैसे देणाऱ्या रफर्ड फाउंडेशनसारख्या संस्थेच्या छोट्या अनुदानातून तो निघू शकतो. दोन वर्षांनी परत येशील तेव्हा तुझ्याकडे सात पावसाळे असतील. मेंटॉर निवडताना हेही आधीच मांड. या देशात सात पावसाळ्यांचे चराईचे आकडे फार थोड्या जणांकडे असतात. जो माणूस म्हणेल की तो तुझा जुना विषय झाला, सोडून दे, त्याच्याकडे जाऊ नकोस, त्याची लॅब कितीही मोठी असो.

नवरा-मुलगी यांच्याबद्दल मी सल्ला देणार नाही, ते तुमचं तुम्ही. एवढंच सांगते की बंगळुरूला दोन वर्षं गेलीस तर पुणे-बंगळुरू रात्रीची बस आहे, आणि फील्ड पुरंदरलाच असल्याने जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तू तशीही घरीच असशील. हे हिशेब सासऱ्यांना कागदावर मांडून दाखव. तोंडी सांगितलेलं पोस्टडॉक त्यांना 'अजून शिक्षण' वाटतं. फेलोशिपचा आकडा आणि महिने लिहिलेले असले की ती नोकरी वाटते.

राहता राहिले गाइड. तुला वाटतं त्यापेक्षा हे सोपं आहे. त्यांच्याकडे जा आणि नकार सांगू नकोस, तारीख सांग: सर, डिसेंबरपर्यंत मी आरए म्हणून थांबते, तोवर तिसरा पेपर जर्नलला जाऊ दे, नव्या मुलाला मी साइट्स दाखवून देते, आणि एनपीडीएफच्या अर्जाला तुमचं शिफारसपत्र लागेल. गाइडना दुखतं ते विद्यार्थी गेल्याने नाही, प्रोजेक्ट मध्येच लटकल्याने. साइट्स आणि आकडे कोणाचे, पुढच्या मोजणीचे पेपर कोणाच्या नावाने, हे त्याच बैठकीत बोलून घे आणि संध्याकाळी ईमेलने लिहून पाठव, 'आज आपण ठरवलं त्याप्रमाणे' असं म्हणून. त्या ईमेलला त्यांनी नुसतं 'ओके' लिहिलं तरी पुरे. नाही लिहिलं, तर आठवड्याने पुन्हा जा आणि तिसऱ्या पेपरचं शेवटचं प्रिंटआउट सोबत ने, दुरुस्त्या करून, सही तेवढी बाकी ठेवून.